पाकळ्यांच्या महिरपीची मोल्डिंग टोकांपाशी फाटते. उपाय सांगा

रेघोट्या
वाड्याच्या धर्तीवर दिवाणखान्याचं काम आहे: सुरूचे दोन खांब आणि वर नऊ पाकळ्यांची लाकडी महिरप. महिरपीच्या कडेने फिरणारी मोल्डिंग ६० मिमी रुंद आणि ३५ मिमी उठावाची आहे. प्रोफाइलमध्ये (आडव्या छेदात) आतून बाहेर पट्टी, गोल, खोबण आणि पुन्हा पट्टी असा क्रम आहे.
स्केचअपमध्ये (थ्रीडी सॉफ्टवेअर) कडेची रेघ निवडून फॉलो मी, म्हणजे रेघेवरून प्रोफाइल ओढणारी कमांड, चालवलं की पाकळीच्या पाठीवर सगळं सुरेख येतं. दोन पाकळ्या जिथे टोकाला मिळतात तिथे मात्र पृष्ठं एकमेकांत घुसतात. खोबण उलटी होते, सॉलिड तर बनतच नाही. आर्क (पाकळीची कमान) १२ सरळ तुकड्यांचे ठेवून पाहिले, ४८ चे ठेवूनही. तुकडे वाढवले की परिस्थिती बिघडते. हे सॉफ्टवेअर बदलून सुटेल का? पुढे सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) सागवानात कापायचं आहे.

भिंतीबाहेर
राइनो सॉफ्टवेअर घ्या. त्यातली स्वीप वन कमांड. विषय संपला.

कंपासपेटी
विषय संपत नाही हो. ही भूमिती राइनोलाही तेवढीच नडते. तो फक्त जास्त सभ्यपणे नकार देतो.
रेघोट्या, आकडे द्या. पाकळीची त्रिज्या किती? शेजारच्या पाकळ्यांच्या केंद्रांमधलं अंतर किती? आणि मोल्डिंग कडेपासून बाहेर, म्हणजे लाकडाच्या बाजूला जाते की आत मोकळ्या गाळ्याकडे?

रेघोट्या
सर्व पाकळ्या १५० त्रिज्येच्या आहेत, केंद्रं २४० मिमी अंतरावर. केंद्रं ६९१ त्रिज्येच्या अर्धवर्तुळावर दर २० अंशांनी येतात. पायथ्याला गाळा १५४१ मिमी. मोल्डिंग बाहेरच्या बाजूला जाते.

पाटीपेन्सिल
वाखू (वाचनखूण) साठवली. चर्चा पेटणार असं दिसतंय.

कंपासपेटी
आता बघा. दोन शेजारच्या पाकळ्यांची केंद्रं जोडली तर मध्यबिंदू १२० वर येतो. त्या केंद्ररेषेपासून टोक किती दूर? १५० चा वर्ग वजा १२० चा वर्ग, त्याचं वर्गमूळ म्हणजे ९०. हीच गोष्ट मोल्डिंगच्या बाहेरच्या कडेला करा. तिथे त्रिज्या २१० होते आणि उत्तर १७२ येतं. म्हणजे मोल्डिंग ६० मिमी रुंद असली तरी मायटरची (तिरक्या सांध्याची) रेघ टोकापासून ८२ मिमी लांब जाते.
आता कोनात पाहा. आतल्या कडेला प्रत्येक पाकळी सुमारे १२६ अंशांची आहे. बाहेरच्या कडेला शेजारणी एकमेकींना कापतात आणि ती ९० अंशांचीच उरते. दोन्ही बाजूंनी १८-१८ अंश छाटले जायला हवेत.
तुमचं दुखणं इथेच आहे. फॉलो मी दर शिरोबिंदूला लगतच्या दोन तुकड्यांचा मायटर काढतं आणि पुढे सरकतं. आधीचे तुकडे छाटणं त्याला येत नाही. १२ तुकड्यांच्या आर्कमध्ये एक तुकडा साडेदहा अंशांचा, आणि छाट हवी १८ अंशांची. म्हणजे मायटर पहिला तुकडा ओलांडून दुसऱ्यात घुसतो आणि पृष्ठ स्वतःवर दुमडतं. ४८ तुकडे केलेत की तो सहा-सात तुकड्यांच्या पलीकडे जातो. तुकडे वाढवल्यावर बिघडतं ते यामुळे.

भिंतीबाहेर
बरं. मग तुकडे कमी करा! पाकळीला सहा तुकडे आणि जय महाराष्ट्र.

आडवा_छेद
सहा तुकडे म्हणजे २१ अंशांचा एक. दुमड जाईल, पण २१० त्रिज्येला कमान आणि तुकड्यातलं अंतर साडेतीन मिमी होईल. ती महिरप नव्हे, नटबोल्ट दिसेल.

ट्रिमएक्स्टेंड
कंपासपेटींनी निदान बरोबर केलंय. उपचार माझ्याकडून घ्या. पाकळी वर्तुळाचा भाग आहे ना? मग स्वीपच्या वाटेला जायचंच कशाला? रिव्हॉल्व्ह वापरा.
ऑटोकॅडमध्ये: पाकळीच्या केंद्रातून भिंतीला लंब अक्ष घ्या. प्रोफाइल बंद पॉलिलाइन म्हणून त्या अक्षाच्या पातळीत उभी करा, आतली कड अक्षापासून बरोबर १५० वर. रिव्हॉल्व्हने पूर्ण ३६० अंश फिरवून कडं बनवा. मग महिरपीच्या मुख्य केंद्रातून जाणाऱ्या, पाकळीच्या दोन्ही बाजूंना १०-१० अंशांवरच्या, भिंतीला लंब असलेल्या दोन पातळ्यांनी स्लाइस करा. बाहेरच्या बाजूची पाचर ठेवा, बाकी टाका. अॅरेपोलरने २० अंशांच्या फरकाने ९ नग. त्रिज्या सारख्या असल्यामुळे मायटर सरळ पातळीतच येतो, त्यामुळे सांधा बिनचूक बसतो.
एक पथ्य: कडं कापल्यावर पाचरीत केंद्राच्या आतल्या बाजूचा तुकडाही शिल्लक राहतो. तो काढला नाहीत तर गाळ्यात अधांतरी नऊ तुकडे लटकतील आणि क्लायंट विचारेल की हे झुंबर आहे का.

रेघोट्या
झुंबर 😄 स्केचअपमध्ये हेच कसं करू? माझ्याकडे ऑटोकॅड नाही.

आडवा_छेद
फॉलो मी वर्तुळावर चालवलं की तेच रिव्हॉल्व्ह होतं. पण तीन गोष्टी सांभाळा.
पहिली, वर्तुळ काढताना तुकड्यांची संख्या टाका. मूळचे २४ ठेवलेत तर २१० त्रिज्येला १.८ मिमी कसर राहते, ७२ केलेत तर ०.२ मिमी. ७२ पुरेत. त्याहून जास्त केलेत तर फाइल जड होते आणि लाकडाला फरक कळत नाही.
दुसरी, काम शंभर पटीने मोठं करा. कॉम्पोनंट बनवा, त्याची प्रत १०० पट स्केल करा, तिच्यात फॉलो मी आणि इंटरसेक्ट फेसेस चालवा, मग ती प्रत पुसून टाका. मूळ कॉम्पोनंट आपोआप दुरुस्त झालेला असतो. मिलिमीटरच्या आतल्या कडा स्केचअप गिळतं. तुमची खोबण आणि पट्टी जिथे भेटतात तिथे नेमक्या अशाच कडा आहेत.
तिसरी, कापायच्या पातळ्या दोन मोठे आयत म्हणून काढा, कड्यासह निवडा, इंटरसेक्ट फेसेस विथ सिलेक्शन करा, नको ते पुसा. शेवटी एंटिटी इन्फोमध्ये 'सॉलिड' दिसतंय का बघा. नाही दिसलं तर मायटरच्या तोंडाला पृष्ठ नाही, तिथली एखादी कड पुन्हा आखा.

ब्लेंडरबाई
ब्लेंडरवाल्यांनी इथे लगेच कर्व्हला बेव्हल ऑब्जेक्ट (रेघेवर फिरणारी प्रोफाइल) लावू नये. टोकदार कोपऱ्यात तो मायटर काढत नाही, प्रोफाइल तिथे बारीक होते. रेंडरमध्ये लांबून चालून जातं, कापायला अजिबात नाही. इथेही स्पिन किंवा स्क्रू मॉडिफायरने पूर्ण कडं करून बायसेक्टने कापायचं. बायसेक्टमध्ये फिल चालू ठेवा, नाहीतर तोंडं उघडी राहतात.

सागवानी
सर्वांना नमस्कार. लाकडाच्या बाजूने दोन शब्द. कडं अखंड फिरवायचं ते संगणकात. प्रत्यक्षात नऊ पाकळ्या एका फळीतून कापू नका. पाकळीच्या कमानीवर धागे आडवे येतात आणि टोक उडतं. दोन-दोन पाकळ्यांचे तुकडे करा आणि सांधा पाकळीच्या पाठीवर घ्या. टोकावर घेऊ नका. मॉडेलमध्येही सांधे तसेच दाखवा, म्हणजे सुतार स्वतःचं डोकं लावणार नाही.
आणि टोकातल्या मायटरच्या घळीत मशीन पोचत नाही. ६ मिमी व्यासाचा बॉल नोज (गोल टोकाचा कटर) लावला तर घळीत ३ मिमीची गोलाई राहणारच. ती पटाशीने हाताने काढायची. त्यासाठी प्रत्येक टोकाचा वेळ कोटेशनमध्ये धरा.

भिंतीबाहेर
म्हणजे एवढं सगळं मॉडेल करून शेवटी पटाशीच.

सागवानी
शेवटी नाही, शेवटचे ३ मिमी.

पाटीपेन्सिल
बॉल नोजचा स्टेपओव्हर (शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर) किती ठेवायचा?

सागवानी
६ मिमी बॉलला १ मिमी स्टेपओव्हर ठेवलात तर रेघांची उंची ०.०४ मिमी येते, पॉलिश पेपरने जाते. अर्धा मिमी केलात तर ०.०१ येते, पण मशीनचा वेळ दुप्पट होतो. सागवानाला १ पुरे.

मोजपट्टी
मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. ही महिरप नवीन काढताय म्हणून त्रिज्या छान गोल आकड्यांत आहेत. जुन्या महिरपीवरून मोल्डिंग काढायची असेल, पुण्याच्या विश्रामबागवाड्यात किंवा नानावाड्यात दिसतात तशा, तर फोटोवरून आर्क ट्रेस करू नका. लेन्सच्या कडेला वाक येतो. दोन टोकांमधलं सरळ अंतर मोजा आणि त्या रेषेपासून पाकळीची खोली मोजा. त्रिज्या = अंतराचा वर्ग भागिले आठपट खोली, अधिक अर्धी खोली. रेघोट्यांच्या पाकळीत अंतर २६७.६ आणि खोली ८२.२ येते. सूत्रात घाला, १५० मिळेल. प्रत्येक पाकळी स्वतंत्र मोजा. हाताने कोरलेल्या महिरपीत डावी-उजवी सारखी असेल असं गृहीत धरू नका.

रिव्हिटग्रस्त
आणि तिथेच रिव्हॉल्व्हवाल्यांचं सुंदर स्वप्न मोडतं. त्रिज्या वेगवेगळ्या असल्या की मायटर सरळ पातळीत राहत नाही. दोन्ही केंद्रांपासूनच्या अंतरांतला फरक कायम राहतो, म्हणजे तो हायपरबोला झाला. पातळीने कापलंत की एका बाजूची खोबण दुसरीला भेटत नाही.

ट्रिमएक्स्टेंड
तत्त्वतः मान्य. पण आकडा काढून बघू या ना. १५० आणि ११० त्रिज्येच्या पाकळ्या, केंद्रांत २१० अंतर. आतल्या टोकाचा बिंदू आणि ६० मिमीवरच्या बाहेरच्या वर्तुळांचा छेदनबिंदू सरळ रेघेने जोडा. खरा हायपरबोला त्या रेघेपासून जास्तीत जास्त सुमारे ०.५ मिमी सरकतो. सॅंडिंगमध्ये याहून जास्त जातं. मात्र रेघ दोन्ही छेदनबिंदूंतूनच जायला हवी. केंद्रं जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक इथे चालणार नाही, तो सरळ चुकीच्या ठिकाणी जातो.

रिव्हिटग्रस्त
लाकडाला चालेल. संगमरवरात पॉलिश केल्यावर ०.५ ची पायरी दिव्याखाली दिसते. मग दोन्ही कडी पूर्ण ठेवून एकमेकांच्या पृष्ठांनी ट्रिम करायला हवीत.

कंपासपेटी
आणि ट्रिमच करा, युनियन नको! हा सापळा आहे. दोन कड्यांचं बूलियन युनियन (दोन्ही जोडून एक करणं) केलं की प्रत्येक ठिकाणी जे उंच आहे ते उरतं. प्रोफाइल आतून बाहेर सतत उतरती असती तर उत्तर बरोबर आलं असतं. रेघोट्यांच्या प्रोफाइलमध्ये खोबण आहे आणि बाहेर परत पट्टी आहे. शेजारच्या पाकळीची ती बाहेरची पट्टी या पाकळीच्या खोबणीवरून आडवी धावेल. लांबून पाहिलं तर जाळीकाम केलंय असं वाटतं.

ब्लेंडरबाई
जाळीकाम म्हणून जास्तीचं बिल लावता येईल.

चुनागच्ची
अहो, मला कळत नाही की एवढा थ्रीडीचा सोस कशाला. पीओपीत करायचं असेल तर कारागिराला काय लागतं? प्रोफाइलचा पत्र्याचा साचा, आणि तो खिळ्याभोवती फिरवायला एक दांडी. केंद्रबिंदू, १५० चा आकडा आणि एक-एकास-एक मापाचा प्रोफाइल कागद दिला की झालं. टोकांवर तो हाताने मायटर मिळवतो. टूडीमध्ये पॉलिलाइन करून ऑफसेट (ठरावीक अंतरावरची समांतर रेघ) मारा, संपलं.

मोजपट्टी
चुनागच्ची, साच्याचं बरोबर आहे, आणि तुमची ऑफसेटची सूचना थ्रीडीवाल्यांनाही उपयोगी आहे. आतल्या कडेची पॉलिलाइन बाहेर ६० ने ऑफसेट केली की कॅड पाकळ्या आपोआप छाटतं. तीच मॉडेलच्या बाहेरच्या कडेवर ठेवून बघा. जुळत नसेल तर मॉडेल चुकलं, पुढे जाऊच नका.

पाटीपेन्सिल
मोल्डिंग गाळ्याच्या आत घ्यायची असती तर? माझ्याकडे कमान तयार आहे आणि बाहेर जागाच नाही.

कंपासपेटी
मग तुम्हाला मर्यादा आहे. आत गेलं की त्रिज्या कमी होते. याच आकड्यांत ३० मिमी आत गेलात की दोन पाकळ्यांची वर्तुळं फक्त एकमेकांना शिवतात. त्यापुढे मायटर अस्तित्वातच नाही. आणि ३० पर्यंत पोचेतो टोक ९० मिमी लांब सुळक्यासारखं होतं. २० मिमीवर थांबलात तर सुळका ४० मिमीचा. मर्यादेचं सूत्र सोपं: पाकळीची त्रिज्या वजा केंद्रांमधलं निम्मं अंतर. फॉलो मी इथे दुमडत नाही, पण शेवटचा तुकडा सरळ रेषेत लांबवतं, आर्क पुढे चालवत नाही. म्हणून दिसायला ठीक आणि मापाला चूक.

हवेलीकर
अवांतर: अंडाकृती छताच्या कॉर्निसला (छताच्या कडेच्या मोल्डिंगला) हे सगळं लागू पडतं का? ३००० × २००० चं अंडाकृती छत, १५० ची कॉर्निस.

ट्रिमएक्स्टेंड
तिथे टोकं नाहीत, म्हणून मायटर नाही. पण दुसरी गंमत आहे. एलिप्सचा (लंबवर्तुळाचा) ऑफसेट एलिप्स नसतो. आतली कड म्हणून २७०० × १७०० चा एलिप्स काढलात तर मधल्या भागात कॉर्निसची रुंदी ३ मिमीहून जास्त चुकते. ऑफसेट कमांडच वापरा, तो स्प्लाइन (मुक्त वक्र रेघ) देतो. कारखान्याला स्प्लाइन नको असेल तर एलिप्सऐवजी चार आर्कचा अंडाकार घ्या. मग परत रिव्हॉल्व्ह, आणि सांधे स्पर्शिकेवर येत असल्यामुळे मायटरची कटकट नाही.

हवेलीकर
धन्यवाद. चार आर्कच घेतो.

रेघोट्या
कंपासपेटी, ट्रिमएक्स्टेंड, आडवा_छेद, पाचर बनली, सॉलिड दिसतंय, नऊ नग फिरवले. मोजपट्टींचा ऑफसेटही जुळला. दोन जागा उरल्यात. एक, पायथ्याला जिथे शेवटची पाकळी खांबालगतच्या उभ्या मोल्डिंगला भेटते. दोन, माथ्याची पाकळी क्लायंटला टोकदार हवी आहे, उलट्या वळणाची.

कंपासपेटी
पायथ्याला आडव्या पातळीने कापू नका. पॅटर्नमध्ये ती पाचर आडवी कापलेली येते आणि बरोबर वाटते, पण शेजारी आता पाकळी नाही, सरळ पट्टी आहे. सरळ आणि आर्क यांचा मायटर पॅराबोला असतो. तुमच्या आकड्यांत आतली कड पायथ्याच्या रेषेवर भेटते आणि बाहेरची कड तिच्या २७ मिमी खाली. या दोन बिंदूंतून तिरकी पातळी घ्या, चूक ०.६ मिमीच्या आसपास राहते. खालच्या दोन पाकळ्यांसाठी कडं पुन्हा वेगळं कापा. उभी पट्टी वर थोडी लांबवून त्याच पातळीने कापा.

ट्रिमएक्स्टेंड
माथ्याचं मी सांगतो. उलट्या वळणाचं केंद्र गाळ्यात नसून लाकडात येतं, म्हणजे मोल्डिंग तिथे त्रिज्येच्या आतल्या बाजूला जाते. समजा, त्रिज्या २०० आणि केंद्र मधल्या उभ्या अक्षापासून १३० दूर. बाहेरच्या कडेला त्रिज्या १४० उरते, ती १३० हून जास्त आहे म्हणून अक्षापर्यंत कशीबशी पोचते. पण ६० च्या पट्टीचं नाक १०० मिमी वर चढतं. पट्टी ७० हून रुंद असती तर नाक जुळलंच नसतं. त्रिज्या वाढवा किंवा केंद्र अक्षाजवळ आणा.
दोन वळणं जिथे एकमेकांत मिसळतात तिथे मायटर नाही. दोन्ही केंद्रं जोडणाऱ्या रेषेतून पातळी घ्या, दोन्ही रिव्हॉल्व्ह तिथे थांबवा. नाकावर मात्र मधल्या उभ्या पातळीने कापून मिरर.

भिंतीबाहेर
१०० मिमीचं नाक. बाजूला खांब आहेतच, मिशाही लावा.

सागवानी
ते नाक मोल्डिंगमध्ये सलग कापू नका, आडव्या धाग्यावर येतं आणि तुटतं. माथ्याचा तुकडा वेगळा ठेवा, धागे उभे. सांधा उलटं वळण सुरू होतं तिथे घ्या, म्हणजे ट्रिमएक्स्टेंड सांगतायत त्याच पातळीवर.

रेघोट्या
मग त्रिज्या २४० आणि केंद्र १३० वर ठेवलं तर?

ट्रिमएक्स्टेंड
बाहेरची कड १८० त्रिज्येची. आतलं टोक केंद्राच्या २०१.७ खाली, बाहेरचं १२४.५ खाली. नाक ७७ मिमी. बसवा.